मास्तरांनी नाकारलेली तलवार

हमीद मास्तर गेल्याची वार्ता मला देवळात कळली. सकाळचा अभिषेक आटोपून मी निर्माल्य उतरवीत होतो, तोच वैष्णवी पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली. ती मास्तरांची सर्वांत जुनी शिष्या. आखाड्यातल्या मुलींना अलीकडे तीच शिकवते. एरवी घंटेला हात लावल्याशिवाय ती आत पाऊल टाकीत नाही. त्या दिवशी तिने घंटेकडे पाहिलेसुद्धा नाही. "गुरुजी, मास्तर गेले," एवढेच म्हणाली... पहाटे छातीत कळ आली आणि गाडी दाराशी येईपर्यंत सारे संपले होते. हातातले निर्माल्य मी कोठे ठेवले, ते मला आजही स्मरत नाही. दुपारी मेहकरच्या कब्रस्तानात इतरांबरोबर मूठभर माती मीही दिली आणि घरी येऊन अंगणात बसून राहिलो.

हा लेख तेव्हाच लिहावा, असे दोघा-तिघांनी सुचविले होते. मी नको म्हणालो. दुःख निवळल्यावर त्याच्या तळाशी माणूस स्वच्छ दिसू लागतो, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी मात्र निवळण्याऐवजी ते गढूळ करण्यात आले, आणि म्हणून आज जे लिहितो आहे त्यात शोकापेक्षा संतापच अधिक असेल. वाचकांनी क्षमा करावी. देवापुढे बसणाऱ्या माणसाला क्रोध शोभत नाही, हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. परंतु असत्य डोळ्यांदेखत पाटावर बसविले जात असताना शांत राहणे, ही शांती नव्हे. तो आळस होय.

मास्तरांची शोकसभा मंगल कार्यालयात झाली. व्यासपीठावर त्यांची मोठी तसबीर होती. ती ज्या फलकावर छापली होती त्याच्या चारही कोपऱ्यांत कापसाची फुटलेली बोंडे आणि खाली एका कृषी केंद्राचे नाव होते. त्या केंद्राचे मालक हेच आमच्या उत्सव समितीचे अध्यक्ष. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. गावात सर्व जण त्यांना शेठ म्हणतात, मीही तेच म्हणेन. तसबिरीपुढे मखमलीवर एक तलवार ठेवलेली होती : लांब, किंचित वक्र, दोन्ही हातांनी धरायच्या मुठीची, जपानी धाटणीची. मुठीला लाल दोरा बांधलेला. तो दोरा पाहून मी पुढे सरकून बसलो. शेठ ध्वनिक्षेपकापाशी आले आणि म्हणाले, "ही मास्तरांची लाडकी तलवार. त्यांनी सोताच्या हातानं पारखली. येत्या नवमीले आपल्या पोरी याच तलवारीनं चटया तोडतीन, अन् आपले गुरुजी तिची पूजा करतीन. मास्तरले हीच खरी श्रद्धांजली!" टाळ्या पडल्या. मी जागेवरून उठलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "ही तलवार मास्तरांनी नाकारली होती." मग शेठ हसून म्हणाले, "गुरुजी भावुक झाले. पानी द्या त्यायले." आणि खरोखरच कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला!

त्या दोऱ्याचा अर्थ बाहेरच्या वाचकांना कळावा, म्हणून आमच्या आखाड्याची रीत सांगतो. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा सर्वत्र होते. आमच्याकडे मात्र वस्तादाने पारखल्याशिवाय कोणतेही शस्त्र पूजेच्या पाटावर येत नाही. वस्ताद ते चालवून पाहतो, ते विश्वासाचे वाटले तर कापसाचा दोरा वळून, कुंकवात बुडवून मुठीला बांधतो. त्यानंतरच मी त्यावर अक्षता टाकतो. हा क्रम माझ्या आधीच्या पुजाऱ्यांपासून चालत आला आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. मंत्राने लोखंडाचा दोष जात नाही. जे आधी हाताने निर्दोष ठरले त्याचीच पूजा करावी. मास्तर हा दोरा जानेफळच्या आपल्या शेतातल्या कापसाचा, मांडीवर पीळ देऊन वळीत. शोकसभेतल्या तलवारीला बांधलेली होती ती बाजारातली चकाकणारी नायलॉनची दोरी.

हमीद मास्तर आणि मी एकाच शाळेत नोकरी केली. मी संस्कृत शिकवीत असे, ते कवायत. माझ्या वर्गाची खिडकी मैदानाकडे उघडे, आणि माझी रूपावली ऐन रंगात आली की बाहेरून त्यांचा आवाज येई, "ए, कंबर सरळ कर बे! पऱ्हाटी झुकली वानी काऊन उभा राह्यला?" सारा वर्ग हसे. मी तक्रार केली तर म्हणत, "गुरुजी, तुमचे शब्द चालवा, आमचे पाय चालू द्या." त्यांच्या अंगी नम्रता अशी फारशी नव्हती. दांडपट्टा आपल्यासारखा घाटाखाली अन् घाटावर कोणी फिरवीत नाही, हे ते स्वतःच सर्वांना सांगत. तरुणपणी पुण्याच्या एका शिबिरात त्यांनी जपानी पद्धतीने दोन्ही हातांनी तलवार चालविण्याचे शिक्षण घेतले होते. तेथून एक हलकी सरावाची तलवारही आणली होती. भिजवलेल्या चटईची गुंडाळी उभी करून ती तिरकी तोडायची, असा तो सराव. जपानात त्या चटईच्या आत हिरवा बांबू घालतात म्हणे. मास्तर आमच्याकडची पऱ्हाटी घालीत. वेचणी संपली की बांधावर कापसाच्या वाळलेल्या झाडांचे ढीग पडलेले असत; लोक त्यांचे सरपण करीत, मास्तर हाडे करीत. "चटई म्हंजे मांस, पऱ्हाटी म्हंजे हाड. दोन्ही एका दमात तुटलं पायजे," असे ते मुलींना समजावीत, आणि लगेच पुढे म्हणत, "पन तुटलं त्याच्यात काही मोठं नाही. तुटल्यावर थांबलं का, ते सांगा."

हे 'थांबणे' म्हणजे त्यांच्या विद्येचे सार होते. घाव घालून तलवार खाली येते तेव्हा तिच्यात जोर उरलेला असतो. तो जोर हाताने सावरता आला नाही, तर पाते स्वतःच्याच गुडघ्याकडे किंवा शेजारच्याच्या पोटरीकडे जाते. म्हणून मुलींना त्यांनी प्रथम रिकाम्या हवेत घाव घालून जागच्या जागी थांबायला शिकविले. चटई फार नंतर दिली. पालक कंटाळत. कोणी विचारी, "मास्तर, पोरगी कधी तोडीन?" तेव्हा मास्तर म्हणत, "थांबता येईन तवा."

शोकसभेतली ती जड तलवार आखाड्यात आली ती मास्तर असतानाच्या एका दसऱ्याच्या तयारीच्या दिवसांत. शेठनी भ्रमणध्वनीवर कोणत्याशा परदेशी प्रयोगाची चित्रफीत पाहिली होती आणि आपल्या दुकानाच्या फलकाखाली आमच्या मुलींनी तसेच जाडजूड भारे एका घावात तोडावेत, असे त्यांच्या मनाने घेतले होते. हलक्या तलवारीने ते दिसायला भव्य होत नाही, म्हणून त्यांनी मोठ्या शहरातून ही मागवली. परवानगीचे कागदही रीतसर करून घेतले. आखाड्यात पेटी उघडली तेव्हा मीही तेथे होतो. शेठ, समितीचे चार लोक, वैष्णवी आणि इतर मुली... सर्व जण वाकून पाहत होते. पाते आरशासारखे. मास्तरांनी ती उचलली, दोन बोटांवर आडवी तोलली. तोल पुष्कळच पुढे, टोकाकडे गेला. मग पात्याच्या पाठीवरून एक डोळा मिटून दूरवर पाहिले, नखाने टिचकी मारून नाद ऐकला आणि मुठीकडे वळून म्हणाले, "हे खोलून पाहतो." पात्याचा शेवटचा भाग मुठीच्या लाकडात शिरलेला असतो आणि एका लहानशा बांबूच्या खुंटीने तो आत धरलेला असतो. ती खुंटी ठोकून काढली की आतले सर्व उघडे पडते. शेठ घाईने पुढे झाले. "मास्तर, खोलू नका हो! खोललं का गॅरंटी गेली."

मास्तरांनी मान वर केली. "खोललं का जाते, ते गॅरंटी कायची हाय शेठ?"

"आता चालवून तं पाहा आधी."

"चालवतो. तुमच्या मनासारखं करतो."

मास्तरांनी सर्वांना मागे सारले. मुलींनी भिंतीशी ओळ धरली, समितीच्या लोकांना त्यांनी हाताला धरून बाजूला केले. हौदातून काढलेली, पाणी गळणारी चटई खांबावर उभी केली, तिच्या पोटात पऱ्हाट्यांची जाड जुडी घातली. पहिला घाव असा उतरला की वरचा तुकडा क्षणभर जागेवरच राहिला आणि मग घसरला. मी स्वतः 'वा!' म्हणालो. शेठ तर नाचायचेच बाकी राहिले. दुसरा भारा तुटला, तिसरा तुटला. टाळ्या सुरू झाल्या. पण मास्तरांचे लक्ष तुकड्यांकडे नव्हतेच. ते आपल्या पायापुढच्या जमिनीकडे पाहत होते. तेथे प्रत्येक घावागणिक तलवारीच्या टोकाने मातीत एक चीर पाडली होती. एवढ्या कसलेल्या हातालाही ते पाते वेळेवर थांबविता आले नव्हते. आणखी एक घाव घालून ते थबकले, मूठ कानाशी नेऊन हलविली. टाळ्यांमध्ये इतरांना काही ऐकू आले नाही. मास्तर म्हणाले, "आत बोलून राह्यली." यानंतर मात्र त्यांनी कोणाचेही न ऐकता खुंटी ठोकून काढली.

जे दिसले ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि आज प्रतिज्ञेवर सांगू शकतो. खुंटी चेंगरून चपटी झाली होती. मुठीच्या लाकडाला आतून तडा गेला होता. आणि पात्याचा आतला भाग, जो रुंद आणि सलग असावयास हवा, तो करंगळीएवढा बारीक, मागाहून धातू वितळवून, डाग देऊन जोडलेला होता. बाहेर आरसा, आत डाग! मास्तर वैष्णवीला म्हणाले, "हात लावून पाहा बेटा. हे निसटलं अस्तं तं समोरच्याच्या गळ्यात गेलं अस्तं." मग शेठकडे वळले. "जड हाय म्हनून तोडते. त्याच्यात तिची कारागिरी काहीच नाही, दगड बी पडला तं डोकं फोडते. माह्या पोरींच्या हाती मी हे देनार नाही. नापास."

शेठचा चेहरा पडला, पण व्यापारी माणूस, लगेच सावरले. "तलवार एक नंबर हाय मास्तर. तुमचा हात आता म्हातारा झाला, त्याले कोन काय करीन?"

यावर मास्तर जे बोलले ते मी विसरणार नाही. "बराबर. कापसाले अळी लागली तवा बी तू आमचाच हात वाकडा म्हनला होता."

हे वाक्य कळण्यासाठी आमच्या भागातले ते वर्ष आठवावे लागेल. बीटी बियाणे नवे आले तेव्हा त्याच्या पिशवीवरचे बोंड पाहूनच लोक हरखले होते. काही हंगाम खरोखर चांगले गेले, हे नाकारू नये. पिशवीसोबत साध्या बियाण्याची एक लहान पुडी येत असे. ती बांधाच्या कडेने पेरायची, म्हणजे अळीला साधे झाडही मिळते आणि ती बीटी झाडातल्या विषाला सरावत नाही, असा त्यामागचा विचार. मास्तरांनी दुकानात उभे राहून ती पुडी हातात धरली आणि विचारले होते, "हे पेरायचं काय?" शेठ सर्वांसमक्ष म्हणाले होते, "फेका ते. फुकटची जागा कायले अडवता?" जानेफळपासून उंद्रीपर्यंत किती बांधांवर त्या पुड्या तशाच फाटून गेल्या, कोण जाणे. पुढे ज्या वर्षी गुलाबी अळीने बोंडे आतून पोखरली, वरून हिरवे गच्च आणि फोडले की आत काळा लगदा, त्या वर्षी लोक ती सडकी बोंडे ओंजळीत घेऊन दुकानापुढे उभे राहिले. तेव्हा हेच शेठ ओट्यावरून म्हणाले, "तुमी पुडी पेरली नाही, त्याले मी काय करू? बियानं एक नंबर हाय." मास्तर त्या गर्दीत होते. त्यांनी अर्ध्याहून अधिक शेतातले पीक मोडून काढले. निवृत्तिवेतन होते म्हणून त्यांचे घर चालले. पुष्कळांना तोही आधार नव्हता. नुकसानीबद्दल ते कधी फारसे बोलले नाहीत. जो विकतो त्याचे कधी चुकत नाही आणि जो विश्वासाने वापरतो त्याचा हात नेहमी वाकडा ठरतो, ही गोष्ट मात्र त्यांच्या जिव्हारी लागली होती.

त्या वर्षी नवमीला मुलींनी हलक्याच तलवारीने लहान भारे तोडले. शेठ आले नाहीत; आपली पेटी त्यांनी ती नापास होताच मास्तरांच्या मनाविरुद्ध उचलून नेली होती. मधल्या काळात ती पेटी कोठे आहे, याची कोणी विचारपूसही केली नाही. मास्तर गेले आणि ती एकदम 'लाडकी' झाली!

शोकसभेनंतर शेठ देवळात आले. दर्शन घेतले, माझ्या पायांना हात लावला, मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, मूठ नवी बसवून घेतली आता. मेलेल्या मानसाचं बोलनं काय धरून बसले?"

"मेलेल्या माणसाची साक्ष तर तुम्हीच काढता आहात," मी म्हणालो. "मूठ नवी असेल. तो डाग?"

"कोनाले दिस्ते तो?"

मी त्यांना प्रसाद दिला, कारण गाभाऱ्याशी आलेल्याला विन्मुख पाठवू नये. पूजा करणार नाही, हेही त्याच वेळी सांगितले. ज्या शास्त्राचा मी आयुष्यभर विद्यार्थी राहिलो, ते विश्वसनीय माणसाच्या शब्दाला प्रमाण मानते. डोळ्यांनी दिसत नाही, तर्काने कळत नाही, तेथे अशा माणसाच्या वचनावर आपण पाऊल टाकतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी मुठीच्या आत काय आहे ते कसे पाहणार? ती दोऱ्याकडे पाहते. मास्तरांचा दोरा म्हणजे त्यांचे वचन होते. जो माणूस आता उठून 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्या मुखी 'हो' घालणे याहून नीच असत्य मला माहीत नाही. चोरलेला पैसा परत करता येतो. वचनाची चोरी झाली तर पुढच्या मुलीचा हात जातो. आणि लोक म्हणतील, पोरीचा हातच वाकडा.

नवमीच्या सकाळी मी आखाड्यात गेलो तो पूजेसाठी नव्हे, आडवा येण्यासाठी गेलो, हे स्पष्ट सांगतो. शेठनी शेजारच्या गावाहून दुसरे भटजी आणले होते. मैदानात गर्दी होती. खांबावर भारा चढला होता, चांगला मांडीएवढा जाड. मी पाटापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "ही दोरी मास्तरांची नाही." कोणी ओरडले, "गुरुजी, बाजूले व्हा, कार्यक्रमाले उशीर होऊन राह्यला." शेठनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून तलवार वैष्णवीसमोर धरली. "घे बेटा. मास्तरचं नाव काढ."

तिची आई समोर बसली होती, मोठी गर्दी होती, आणि नाव मास्तरांचे घेतले होते. एवढ्या दडपणापुढे भल्याभल्यांचा हात पुढे होतो. वैष्णवीने तलवारीला हात लावला नाही. ती वळली आणि मुलींना म्हणाली, "मांगं!" साऱ्या मुली झटकन भिंतीशी जाऊन ओळीने उभ्या राहिल्या. मग तिने माझा हात धरून मला ओळीत नेले, नव्या भटजींनाही नेले. मधल्या मोकळ्या जागेत भारा उरला, आणि तलवार हातात घेतलेले शेठ.

"काका," वैष्णवी म्हणाली, "आधी तुमी चालवा. आमी मांगं उभ्या राह्यतो."

शेठ हसले. "मी काय तलवारवाला हाव?"

"मंग गॅरंटी कशी देता?"

गर्दीत मागे कोणीतरी मोठ्याने हसले. एक म्हातारा शेतकरी ओरडला, "चालवा ना शेठ! एक नंबर हाय म्हंता तं!" दुसरा म्हणाला, "घाबरू नका, चुकली तं आपन हाताले दोष देऊ!" हशा वाढत गेला, पण तो आनंदाचा नव्हता... सडकी बोंडे घेऊन उभी राहिलेली माणसे त्यात होती. शेठनी एकदा मुठीकडे पाहिले, एकदा आपल्या पायांकडे. मग तलवार पाटाच्या कडेला टेकवली आणि कोणाचे नाव न घेता बडबडत मैदानाबाहेर गेले. नव्या भटजींनी मला नमस्कार करून आसन मोकळे केले. पूजा मी केली. जुनी शस्त्रे होती, त्यांवर मास्तरांच्या हातचे दोरे होते. मुलींनी हलक्या तलवारीने भारे तोडले आणि प्रत्येकीचे पाते गुडघ्याच्या वरच थांबले.

गर्दी पांगल्यावर वैष्णवीने ती जड तलवार उचलली, तिची नायलॉनची दोरी कापून टाकली आणि मला म्हणाली, "चला गुरुजी, इले जागेवर ठिवू." आखाड्याच्या मागे एक अंधारी खोली आहे. शाळेतून मोडीत निघालेला एक बाक मास्तरांनी तेथे आणून ठेवला होता, आणि पारखीत नाकारलेले प्रत्येक शस्त्र त्यावर ओळीने मांडलेले असे. शेठ उचलून घेऊन गेले ती एक सोडली, तर ते काहीच परत करीत नसत. "नापास पोराले घरी पाठवलं तं ते दुसऱ्या शाळेत जाऊन पास झालो म्हनते," असे त्यांचे म्हणणे. बाकावर वाकडे भाले आहेत, सैल पट्टे आहेत, कोणा पुढाऱ्याने भेट दिलेली चांदीच्या मुठीची कट्यार आहे. आणि अगदी पहिल्या जागी, लाल वस्त्रात, आमच्या देवळातली तलवार आहे. पालखीपुढे मिरविण्यासाठी एका भक्ताने ती देवाला वाहिली होती. मोठ्या भक्तिभावाने मीच ती मास्तरांकडे पारखायला नेली. त्यांनी प्रथम तिला हात जोडले, मग दोनदा फिरवली आणि म्हणाले, "देवाची असली म्हनून काय झालं गुरुजी, नापास."

ती तेथे पडून कित्येक दसरे उलटले. देवाला त्याचा कधी राग आला नाही. वैष्णवीने शेठची तलवार तिच्या शेजारी ठेवली, बाकावरची धूळ पदराने पुसली आणि दार ओढून घेतले.